एकदाच बोलायची मुभा

६ जानेवारी

दादा,

फोन केला की तू ‘हं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र तू वाचतोस एवढं मला ठाऊक आहे. मागच्या पत्रातल्या माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या होत्यास. वकिली अगदी हाडात भिनलीय तुझ्या. देव तुला सुखी ठेवो.

कागदाच्या मागच्या बाजूला छापील मजकूर आहे, तिकडे बघू नकोस. कॉलेजच्या जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे रद्दीत चालले होते, ते मी मागून आणले. एक बाजू कोरी असलेला कागद फेकायला माझा हात धजत नाही.

आता मुद्दा. तो ठकूचा आहे. आपल्या धाकट्या बहिणीचं नाव तुझ्यापुढे काढायचं नाही असं तू मला बजावलंयस, म्हणून मी काढत नाही, नुसतं लिहितेय. तिची बदली झालीय.

ती मुलींच्या कॉलेजची प्रिन्सिपल आहे हे तुला ऐकून माहीत असेल. पाहिलेलं नाहीस. सिस्टर व्हायला ती घरातून निघाली तेव्हापासून तू तिला कुठेच पाहिलेलं नाहीस. मी मात्र दर आठवड्याला डबा घेऊन जाते, आणि खरं सांगू, डबा हे निमित्त असतं. मी तिला बघायला जाते. तिच्या ऑफिसचं दार कधी लागलेलं नसतं. काल मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. रंगारी हिशेबात घोळ घालत होता, त्याला तिने एका प्रश्नात सरळ केलं. एक प्राध्यापक राजीनामा घेऊन आले आणि तो खिशात परत घालून, वर हसत, गेले. वसतिगृहातली एक मुलगी रडत आली, तिला हिने काही विचारलंसुद्धा नाही. स्वतःची खुर्ची तिला दिली, आपण उभ्याने सह्या करत राहिली आणि पोरीचं रडणं संपेपर्यंत कोणाला आत घेतलं नाही. मुली तिला पाठीमागे ‘पांढरी घार’ म्हणतात. तिला माहीत आहे. मला म्हणते, “ताई, कावळा म्हणण्यापेक्षा बरं.”

तेवढ्यात सुपिरिअर आली. ही त्यांच्या कॉन्व्हेंटची मोठी, म्हणजे घरातली वडीलधारी म्हण. पण वयाने ठकूहून पुष्कळ लहान. दोन वेण्या घालून ही ठकूच्याच वर्गात शिकायला बसायची ते मी पाहिलंय. आता त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणजे कॉलेजच्या बाजूला ठकू तिची साहेब, आणि कॉन्व्हेंटच्या बाजूला ती ठकूची. मध्ये एक जाळीचं दार, बस्स. ते दार दिवसातून कितीदा तरी दोघी ओलांडतात आणि कधी चुकत नाहीत. माझ्या घरात सासूबाई आणि मी एका स्वयंपाकघरात दोन वेळा नीट वागू शकलो नव्हतो.

सुपिरिअरच्या हातात लिफाफा होता. ठकू उठली, उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “देवाला धन्यवाद.” ही त्यांची पद्धत. बदलीला ते ‘आज्ञा’ म्हणतात, आणि आज्ञा कसलीही येवो, तोंडातून पहिला शब्द तोच निघाला पाहिजे. सुपिरिअरच्या डोळ्यांत मात्र पाणी.

“कुठे?” मी विचारलं.

“म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी. डोंगरात आहे. तिथल्या सिस्टरला आता उठवत नाही, तिच्या जागी.”

“तिथे कॉलेज आहे?”

“तिथे पलंग आहेत, ताई. आणि पलंगांवर म्हाताऱ्या.” मग सुपिरिअरकडे वळून म्हणाली, “सिस्टर, माझ्या बहिणीला चहा देऊ का?”

एवढं कॉलेज चालवणारी बाई, चहाला परवानगी मागते! मी तो चहा कसा प्यायले ते माझं मला माहीत.

दादा, वर्ष अर्ध्यावर आहे. विज्ञानाची नवी इमारत छपरापर्यंत आलीय. तिला आत्ता हलवू द्यायचं नाही. तू कायदा जाणतोस. काहीतरी काढ.

तुझी ताई

१७ जानेवारी

दादा,

सात पानं! आणि टाइप केलेली! जो माणूस ‘तिचं नाव काढू नकोस’ म्हणतो, त्याने कॉलेजचे नियम मागवून, वाचून, कलमं लावून उत्तर पाठवलं. मी ते पाटावर ठेवून आधी हात जोडले. मॅट्रिकच्या बाईला जेवढं कळलं तेवढं असं, की वर्ष संपण्याआधी प्रिन्सिपलला काढायचं तर समितीचा ठराव लागतो, आणि तिने स्वतः संमतीची सही केल्याशिवाय कोणी तिला हलवू शकत नाही. बरोबर ना? शेवटी तू लिहिलंयस, ‘या प्रकरणात मला वैयक्तिक स्वारस्य नाही.’ ते वाक्य मी दोनदा वाचलं. चांगलं आहे.

ती कायद्याचा अभ्यास करेल म्हणून तू आपल्या ऑफिसात तिचं टेबल मांडून ठेवलं होतंस, ते मी विसरलेले नाही. तीही विसरलेली नाही. पण आज तो विषय नको.

कालचं सांगते. बातमी फुटली, आणि मी गेले तर फाटकापासून जिन्यापर्यंत मुलीच मुली. तासावर कोणी नाही. समितीवरचे दोन गृहस्थ गाडीत काचा वर करून बसलेले. पोरी ओरडत होत्या, “सिस्टर जाणार नाहीत! सिस्टर जाणार नाहीत!” मीही हळूच ओरडून घेतलं. पिशवी तोंडाशी धरली होती, कोणी पाहिलं नाही.

मग ती बाहेर आली. माईक नाही, काही नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर नुसती उभी राहिली, हात झग्याच्या बाह्यांत. दादा, पुढची रांग गप्प झाली, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. वारा पडावा तसा आवाज पडत गेला, थेट फाटकापर्यंत. आपल्या घरी पंगतीत हिला आमटी मागायची लाज वाटायची, तीच का ही?

कर्णा हातात असलेल्या मुलीला तिने विचारलं, “तुझा आत्ता तास कुठला?”

“भूगोल, सिस्टर. पण आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही!”

“बरं. आधी भूगोलाला जा. मी कुठे चाललेय ते नकाशात सापडत नसेल, तर मला अडवणार कशी?”

आधी एक हसली, मग सगळ्याच. हसत, डोळे पुसत वर्गात गेल्या. गाडीतल्या गृहस्थांनी काचा खाली केल्या.

त्यानंतर मी सुपिरिअरला गाठलं. ती भांडी पुसत होती, मीही एक फडकं घेतलं. तिने मला एक गोष्ट सांगितली, ती नीट ध्यानात घे. आज्ञा आली की त्यांना एकदा बोलायची मुभा असते. मोठ्या मदर, म्हणजे त्यांच्या सगळ्या घरांच्या प्रमुख, समोर बसून ऐकून घेतात. जे म्हणायचं ते म्हणायचं, पण एकदाच. त्यानंतर त्या जे सांगतील ते ऐकायचं, आणि पुन्हा तो विषय ओठांवर आणायचा नाही, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा नाही.

“आणि एकदा बोलल्यावर बदली रद्द झालीय का कधी?”

“झालीय,” ती म्हणाली. “माझी झाली होती. माझ्या बाजूने काय बोलायचं ते या सिस्टरनीच, तुमच्या बहिणीनेच, मला शिकवलं होतं.”

मग आणखी काय हवं? मोठ्या मदर शुक्रवारी येणार आहेत. तुझी सात पानं मी ठकूच्या हातात दिली आहेत. शिवाय मी आपल्या चर्चमधल्या बायका गोळा करून नोव्हेना सुरू केलीय. नऊ दिवस प्रार्थना, रोज संध्याकाळी, कॉन्व्हेंटच्याच चॅपलमध्ये मागच्या बाकावर. कशासाठी ते बायकांना सांगितलंय, ठकूला नाही. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून नव्या केल्या, नाहीतर रोज नवी कुठून आणायची.

तू प्रार्थना करत नाहीस हे मला माहीत आहे. पण शुक्रवारी सकाळी जरा गप्प बस. गप्प बसलेलंही पोचतं.

तुझी ताई

२५ जानेवारी

दादा,

पत्र लिहायला दोन दिवस उशीर झाला, कारण आधी मला इतका राग आला होता की पेन धरवेना, आणि मग राग गेला तेव्हा काय लिहावं तेच सुचेना.

शुक्रवारी मी पाहुण्यांच्या खोलीत बसले होते, माळ हातात घेऊन. समोरच्या बंद दाराआड मोठ्या मदर आणि ठकू. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल, सात पानांचे मुद्दे मांडायचे म्हणजे. पण माळेचे दहा मणी संपायच्या आत दार उघडलं आणि ठकू बाहेर आली. चेहरा असा स्वच्छ, जसा आजारातून उठल्यावर होतो.

“बोललीस?”

“बोलले.”

“राहते म्हणालीस ना?”

“दुपारचा वर्ग राहू दे म्हणाले.”

हा दुपारचा वर्ग तुला सांगायला हवा. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बायका घरचं आवरून दुपारी कॉलेजात येतात. एक शिवणवाली आहे, ती मशीनवरून तशीच उठून येते, पदराला टाचण्या. एक आजी आहे, नातवाच्याच इयत्तेची परीक्षा देतेय. समितीला तो वर्ग नको झाला होता. ती खोली त्यांना कॉम्प्युटरसाठी हवी होती, आणि ठकू गेली की दुसऱ्या दिवशी त्या बायकांना बंद दार दिसलं असतं. समितीचं हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला फक्त ‘राहते’ हा शब्द ऐकायचा होता आणि तो आला नाही.

“अगं, आणि तुझं काय?”

“माझं काय? मला आज्ञा आलीय.”

“एकदाच बोलायचं होतं ठकू! एकदाच! ते तू शिवणवालीवर घालवलंस?”

“ताई, हळू. आत मोठ्या मदर आहेत.”

“असू देत! ऐकू देत! गेले नऊ दिवस मी बायका गोळा करून गुडघे झिजवतेय—”

“कशासाठी?”

झालं. तोंडातून निघून गेलं. “तू राहावीस म्हणून. नोव्हेना.”

ती हसायलाच लागली, दादा. भिंतीला हात लावून, लहानपणी हसायची तशी, आवाज न करता, खांदे हलवत. “तरीच! तरीच म्हटलं, रोज संध्याकाळी असं जड का वाटतं! पहिल्या बाकावर बसून मी मागतेय, प्रभू, जाताना माझे पाय जड होऊ देऊ नकोस. आणि मागच्या बाकावरून तुम्ही सगळ्या जणी झग्याला धरून ओढताय!”

“मग देवाने ऐकायचं कोणाचं?”

“ती त्याची पंचाईत.”

मलाही हसू आलं, रागात हसू आलं की रडू येतं तसं. मग मी तिला सरळ विचारलं, “तुला जायचंय का?”

“नाही.”

इतक्या पटकन म्हणाली की मी दचकले. म्हणाली, “या जिन्याची प्रत्येक पायरी माझ्या ओळखीची आहे. इमारतीचं छप्परही मी बघणार नाही. मला अजिबात जायचं नाही, ताई. जायचं नसताना जाता यावं, एवढंच मी मागत होते.”

मी म्हटलं, “मग तेच आत सांगायचं होतंस.”

“माझ्यासाठी बोलायला आख्खं कॉलेज फाटकात उभं राहिलं. दुपारच्या बायकांसाठी कोण उभं होतं? त्या चारला घरी परत गेल्या नाहीत तर त्यांच्या घरात चहा होत नाही.”

“मग? काय म्हणाल्या मोठ्या मदर?”

“वर्ग राहील. लेखी दिलंय त्यांनी.”

मग तिने तुझी सात पानं काढली. तिने ती वाचली होती, नीट, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाली, “दादाचा एकूण एक मुद्दा बरोबर आहे. एकच चुकलाय. माझ्या सहीशिवाय मला हलवता येणार नाही, असं त्याने लिहिलंय. ती सही मी केलीय. व्रतं घेतली त्या दिवशी, वेदीवर कागद ठेवून, सगळ्यांसमोर. तो आला नव्हता, त्यामुळे त्याला ठाऊक नाही.”

ती टोमणा मारत नव्हती, दादा. तुला एखादा कागद मिळाला नसेल तर तो दाखवावा, तशी बोलली.

सुपिरिअर तिथून चालली होती. ठकूने तिला थांबवलं आणि तुझी पानं पुढे धरली. “सिस्टर, हे माझ्या भावाचं पत्र आहे. माझ्याकडे ठेवलं तर चालेल का?”

बिचारीचा चेहरा पडला. “सिस्टर, मला कशाला विचारता?”

“तुलाच विचारायचं असतं.”

“ठेवा,” ती म्हणाली, आणि जाळीच्या दाराकडे जवळजवळ पळत गेली.

कायद्याच्या त्या रुक्ष पानांत कुठेही तिचं नाव नाही, सगळीकडे ‘सदर प्रिन्सिपल’ आहे. तरी तिने ती अशी छातीशी धरली की मला तिच्याकडे बघवेना.

काल संध्याकाळी चॅपलमध्ये गेले. सवयीने गुडघे टेकले आणि काय मागावं तेच कळेना. पहिल्या बाकावर तिची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, प्रभू, ती जे मागतेय ते दे. इतकी वर्षं माळ ओढतेय, पण माझ्या इच्छेविरुद्धचं मागणं मी पहिल्यांदाच मागितलं. पुढचं काही मागायचं धाडस झालं नाही.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

दादा,

काल तिने कॉलेज सोपवलं. नवी प्रिन्सिपल कोण, तर आपली सुपिरिअरच. तिला म्हणे रात्रभर झोप नव्हती. ठकूने तिच्या बाहीचा खडू झटकला आणि म्हणाली, “वर्गात शिरतेस तशीच शीर. पहिल्या रांगेकडे बघू नकोस, सगळ्यात मागे बघ.”

सभागृह खचाखच भरलेलं. मी डाव्या भिंतीशी, दुपारच्या बायकांत. कार्यक्रम साधा होता. ठकूने व्यासपीठावर प्रार्थना म्हटली, तीन वाक्यांत सगळ्यांचे आभार मानले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खाली उतरली. मधल्या वाटेने चालत गेली ती थेट शेवटच्या बाकापर्यंत. तिथे मुली सरकल्या, ती बसली. मुली मागे वळून वळून बघायला लागल्या. पुढे कोणी बघतच नव्हतं.

आणि मग नवी प्रिन्सिपल आत आली.

त्या कॉलेजात प्रिन्सिपल आत आल्या की सगळ्यांनी उभं राहायचं असतं. काल कोणी उठलं नाही. एकही मुलगी नाही. पोरींनी आधीच ठरवलं होतं ते. ती व्यासपीठाची पायरी चढली आणि तिथेच थांबली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. समितीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. माझ्या शेजारची शिवणवाली पुटपुटली, “अरे देवा, ही पडेल आता.” मीसुद्धा बसून होते, दादा. मलाही उठायचं नव्हतं.

तेव्हा मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

ठकू उभी राहिली होती. एकटी. शेवटच्या रांगेत, विद्यार्थिनींच्या मध्ये, हात बाह्यांत, नजर समोर. कोणाकडे रागाने बघितलं नाही, खूण केली नाही. आपल्या प्रिन्सिपलसाठी एखादी मुलगी उभी राहील तशी उभी राहिली.

आणि मग सभागृह उठलं. मागून पुढे, रांगेमागून रांग, बाकांचा तो घरघराट माझ्या छातीत शिरला. शिवणवाली उठली, आजी काठी टेकून उठली, मी उठले. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना घंटा वाजते आणि सगळे खाली वाकतात ना, तसं काहीतरी झालं, फक्त उलट दिशेने. माझे डोळे इतके भरले की पुढचं भाषण मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. पोरीने चांगलं भाषण केलं. आवाज कापत होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचत होता.

दादा, आपण या मुलीला खाऊपिऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या, तू तिची फी भरलीस. आपल्याला वाटत होतं ती आपली आहे आणि कोणीतरी ती नेली. काल मला कळलं की आपल्या घरात कोण वाढत होतं ते आपल्याला कधी कळलंच नव्हतं. हे मी देवाला घाबरून लिहितेय असं समज हवं तर.

आता ज्यासाठी आज घाईने पत्र लिहितेय ते. नव्या ठिकाणी जाण्याआधी त्यांना घरी जायला आठ दिवस सुट्टी मिळते. ती माझ्याकडे येईल म्हणून मी अंथरूण उन्हात घातलं, पडदे धुतले. काल कार्यक्रम झाल्यावर ती मला म्हणाली, “ताई, रागावू नकोस. मी दादाकडे जातेय.”

“त्याने बोलावलंय?”

“नाही.”

“मग? त्याने दार उघडलं नाही तर?”

“पायरीवर बसेन. आठ दिवस आहेत माझ्याकडे.”

तुझा पत्ता मी दिला. ती सोमवारच्या गाडीने सकाळी पोचेल. स्टेशनवर जायचं की नाही ते तुझं तू बघ, तिला रिक्षा करता येते. हे पत्र तिच्या आधी पोचावं म्हणून आज मी जादा पैसे भरून पाठवतेय, यावरून काय ते समज.

आणि एक सांगून ठेवते, नाहीतर तू गोंधळशील. ज्या घरात राहायचं त्या घरातल्या मोठ्या माणसाची ते आधी परवानगी घेतात. म्हणजे ती उंबऱ्याबाहेर उभी राहून तुला विचारेल, “दादा, आत येऊ का?” ती थट्टा नाही आणि टोमणाही नाही. ती खरंच विचारेल, आणि तू जे म्हणशील ते ऐकेल.

त्याचं उत्तर तुझ्या पुस्तकांत शोधू नकोस.

तुझी ताई